बेरिंगातलं लोणी

मी एक जुनी चकरी आहे मित्रांनो, पण म्हणून लगेच चेहरे पाडू नका. कीव करायचीच असेल तर अंगणात उन्हापावसात पडलेल्या तुमच्या सायकलीची करा, जिची साखळी कुरकुरली की तुम्ही आईच्या बाटलीतलं खोबरेल तिच्यावर ओतून मोकळे होता. माझी कीव नको. माणसांबद्दल बरं बोलायची मला सवय नाही, आणि माझी हकीकत ऐकलीत तर तुम्हालाही राहणार नाही.

मी मासे धरायच्या गळाची चकरी. काठीच्या बुडाशी मला बसवतात आणि माझ्या पोटावर नायलॉनचा लांबच लांब धागा गुंडाळतात. मूठ फिरवली की धागा आत येतो, ओढला की सरसरत सुटतो. दिसायला मी मुठीएवढी. पण माझ्या दोन्ही कुशींत एकेक बेरिंग आहे, करंगळीच्या नखाएवढं, आणि त्यात बाजरीच्या दाण्याहून बारीक पोलादी छर्रे आहेत. मी फिरते ती त्यांच्या जिवावर. त्यांना आयुष्यभर दोनच गोष्टी लागतात. घाण साचू नये, आणि बारीक तेलाचा एक थेंब मिळावा. दोन थेंब नाही, एक. इतकं थोडकं मागणारी वस्तू माणसांच्या हाती देऊ नये, हे मला घडवणाऱ्यांना कळायला हवं होतं.

माझे पहिले मालक धरणावरचे एक साहेब. मासे धरण्यात अगदी ढ. सुटीच्या दिवशी टोपी घालून काठावर बसत आणि संध्याकाळी गावातून मासे विकत घेऊन घरी जात. पण मला राखावं ते त्यांनीच. महिन्याकाठी मला वर्तमानपत्रावर खोलत, बेरिंगं काढून घासलेटात बुडवत, जुन्या दातघासणीने पुसत, फुंकर मारून वाळवत. मग सुईच्या टोकावर तेलाचा थेंब घेऊन एकेका बेरिंगाला देत. नंतर बोटाने टिचकी मारली की मी कितीतरी वेळ आपल्याच तंद्रीत फिरत राही, पाण्यावर भिंगरी फिरावी तशी. साहेब म्हणत, "वा." मासा त्यांना मिळाला नाही, पण तो 'वा' मी आजवर जपून ठेवला आहे. नंतर तसा कुणी म्हटला नाही.

साहेबांची बदली झाली. सामान बांधताना त्यांनी मला धरणाचे चौकीदार भाऊराव यांच्या हातात ठेवलं. भाऊराव वरवट बकालचे. सरळ माणूस, म्हणजे ज्याला माझा काही उपयोग नाही असा. मला उलटंपालटं करून ते बायकोला म्हणाले, "मासा तं जाळ्यात येते. याच्यात फक्त येळ जाते." आणि मला खुंटीला टांगलं. माझ्याशेजारी एक फाटकी छत्री होती. तिचं बोलणं मी तुम्हाला सांगत बसणार नाही.

खुंटीवरून मला काढलं ते भाऊरावांच्या बायकोने, बेबीताईने.

आता इथे तुम्हाला थोडं कपाशीबद्दल सांगावं लागेल, मला आवडत नसलं तरी. त्या वर्षांत आमच्या भागात सगळीकडे पिशवीतलं बियाणं आलं होतं, बीटी म्हणतात ते. पिशवीवर नारळाएवढ्या बोंडांची चित्रं. आत मात्र मोजून मापून दाणे, आणि किंमत अशी की पूर्वीसारखं मूठ भरून पेरायची कुणाची छाती होईना. म्हणून बायका एकेक दाणा हाताने मातीत खोचायच्या. याला डोबणं म्हणतात. दाणे असे डोबायचे की उभं पाहिलं तरी रांग सरळ आणि आडवं पाहिलं तरी सरळ, म्हणजे पुढे तण काढायचा डवरा दोन्ही बाजूंनी फिरवता येतो. रांग हातभर चुकली की डवरा तणासोबत झाडही कापतो.

पूर्वी या खुणा बैलजोडी पाडायची. एकदा उभं जुंपायचं, एकदा आडवं, जिथे रेघा छेदतील तिथे दाणा. पण बोंडात गुलाबी अळी निघाली त्या साली पीक गेलं, बैल विकावे लागले आणि दावणी भराभर रिकाम्या झाल्या. ज्या बियाण्याला अळी लागत नाही म्हणून एवढी मिजास, त्याच्याच पोटात अळी. मला हसू आलं असतं, पण मी चकरी आहे.

बेबीताईची डोबणाऱ्या बायकांची टोळी होती. बैलांच्या जागी त्या सुतळी धरून रेघ घेत. पण गुलाबरावांचं मोठं वावर, म्हणजे शेत, नाल्याच्या वळणाने तिरपं गेलेलं, प्रत्येक तास, म्हणजे पिकाची रांग, वेगळ्या लांबीचा. उरलेली सुतळी बायकांच्या पायांत अडके, गुंता सोडवण्यात सकाळ जाई. बेबीताईने मला खुंटीवर पाहिलं, माझा धागा ओढून पाहिला, सोडून पाहिला. दुसऱ्या दिवशी धाग्याला ठरावीक अंतरावर लाल दोरे बांधून ती मला वावरात घेऊन आली. एका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एकीने माझी मूठ धरायची, समोरच्या धुऱ्यावर दुसरीने टोक. तास लहान झाला की मूठ फिरवून धागा आत घ्यायचा, मोठा झाला की मी तो आपसूक सोडायचा. धागा सतत ताणलेला. लाल दोऱ्यापाशी दाणा.

माशांसाठी जन्मलेली मी, आणि सरकी मोजायला लागले. पण काम नीट केलं, कारण मला वाईट काम करता येत नाही.

माझी मूठ धरायला बेबीताईने रुखमाबाईला बसवलं. रुखमाबाई टोळीतली सगळ्यांत म्हातारी. तिची कंबर गेली होती, वाकून डोबणं तिच्याने होत नव्हतं. मूठ फिरवता येत होती म्हणूनच ती टोळीत होती. चकरी सुटली की तिची मजुरी सुटली, घरी बसून सुनेच्या तोंडाकडे पाहायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त रेणुकाला. रेणुका तरणीताठी, जिभेने तिखट. रोज एकदा तरी म्हणे, "बुढीले सावलीत बसवा न चकरी मले द्या. ते तं चकरीशी बोलत बसते, तास राह्यते बाजूले."

खोटं नव्हतं ते. रुखमाबाई माझ्याशी बोलत असे. आणि गातही असे, धुऱ्यावर उभी राहून, पुढे सरकणाऱ्या बायकांच्या पावलांवर ठेका धरून:

तासामागं तास माय, पाऊल मागं पाऊल
मातीच्या गं पोटी दाना, कोनाले लागे चाहूल

त्या हंगामात टोळीचा गवगवा झाला. गुलाबराव धुऱ्यावर उभे राहून एक डोळा मिटून रांगा पाहत आणि शेजारच्यांना दाखवत, जणू त्यांनीच डोबलं आहे. डोबणी संपली तेव्हा बेबीताईने मला रुखमाबाईच्याच घरी ठेवलं. "तुह्या हाताची हाये, तूच सांभाळ," म्हणाली.

सांभाळ. माणसांचा हा शब्द आला की वस्तूंनी सावध व्हावं.

श्रावण सरत आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या खांद्याला लोणी आणि हळद चोळायची, ऊन पाण्याने शेकायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. रुखमाबाईच्या दावणीला तेव्हा बैल नव्हता. पाखऱ्या आणि चांद्या त्या अळीच्या सालीच गेले होते. पण चाळीस वर्षांची सवय. तिने लोणी काढलं, हळद कालवली, वाटी घेऊन रिकाम्या दावणीपाशी गेली. तिथे थोडा वेळ उभी राहिली. मग घरात आली आणि फडक्यातून मला काढलं.

"पाखऱ्यानं केलं असतं ते काम तू केलं बाई औंदा," ती म्हणाली. "तुहाबी खांदा दुखत असन."

माझ्या कुशीवरचं झाकण हाताने फिरवलं की निघतं. ते तिने काढलं. आणि बोटाने, हळूहळू, मायेने, माझ्या दोन्ही बेरिंगांत हळद घातलेलं लोणी भरलं. छर्रे दिसेनासे होईपर्यंत. वरून मला आवतणही दिलं, उद्या जेवायला ये म्हणून.

मित्रांनो, मला आयुष्यात पाण्यात पडायची भीती होती, वाळूची होती, गंजाची होती. लोण्याची भीती बाळगावी असं मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढचे महिने मी फडक्यात पडून होते. लोणी आंबलं. मुंग्या आल्या, आपापला वाटा घेऊन गेल्या, काही तिथेच मेल्या. उन्हाळ्यात लोणी वितळून छर्‍यांच्या फटीफटीत शिरलं, हळदीचा चिखल झाला आणि वाळून घट्ट बसला. डोबणीच्या आदल्या दिवशी रुखमाबाईने मला बाहेर काढून मूठ फिरवली. जड लागली. आता शहाणं माणूस काय करील? उघडून पाहील. रुखमाबाईने सरकीच्या तेलाची बुधली घेतली आणि धार धरली. सरकीचं तेल भज्यांना चांगलं. यंत्रात ते दोन दिवसांत डिंकासारखं चिकटतं. पण तहानलेल्याला भरपूर पाजावं एवढंच तिला ठाऊक. मूठ जरा सैल झाली, आणि ती समाधानाने झोपली.

गुलाबरावांनी त्या वर्षी ठिबकच्या नळ्या अंथरून वावर आधीच ओलं करून ठेवलं होतं. ओल उडायच्या आत, त्याच दिवशी डोबणं उरकायचं होतं. पहिले काही तास मी कशीबशी ओढले. पण वाऱ्याने धुऱ्यावरची धूळ उडत होती आणि माझ्या अंगाला तेल माखलेलं होतं. धूळ चिकटली, आत गेली. मी झटके देऊ लागले. धागा एकदम सुटे, एकदम अडके, लाल दोरे जागचे हलत. मग मी थांबले. रुखमाबाईने दोन्ही हातांनी मूठ दाबली. मी तसूभर हलले नाही.

"काय झालं व?" समोरच्या धुऱ्यावरून बेबीताई ओरडली.

"काई नाई. जराशी रुसली," रुखमाबाई म्हणाली.

रेणुकाने कंबर सरळ केली. मागे पाहिलं. शेवटचे तास वाकडे गेले होते, गोगलगाय फिरल्यासारखे. "रुसली म्हन्ते. मी साल भरापासून सांगून राह्यली, हे बुढी आपल्या साऱ्याइची मजुरी घालवते."

गुलाबराव बांधावरून चालत आले. वाकड्या तासांकडे पाहिलं, मग बेबीताईकडे. "बेबीबाई, मले दिवस बुडाच्या आत वावर झालं पाह्यजे. नसन होत तं सांग, डोणगावाकडची टोळी येऊन बसलेली हाये. मंग निंदन-वेचनीबी त्याइचीच."

"दुपारच्या सुट्टीत चकरी नीट करून आनतो. मंग पाहा," बेबीताई म्हणाली, आणि मला पदरात गुंडाळून निघाली. मागून रुखमाबाई, न बोलावता. तिच्या मागून रेणुका, तमाशा पाहायला.

रस्त्यावर शकीलचं सायकलचं दुकान. मागे त्याचं घर, आणि ओसरीत त्याच्या बायकोचं, राबियाचं, शिलाई मशीन. शकीलने मला हातात घेतलं आणि लगेच निकाल दिला. "ट्रॅक्टरचं ग्रीस ठासून भरतो. सात पिढ्या पाहाचं काम नाई."



"तुमच्या ग्रीसनं तुमची स्वतःची सायकल चालत नाई," राबिया मशीनवरून न उठता म्हणाली. "इकडं आना ते."

तिने मांडीवर जुनं फडकं पसरलं, झाकण फिरवलं आणि नाकाला पदर लावला. "अल्ला, हे काय भरलं व यात? पिवळं हाये. मुंग्या हायेत. कोनाची हळद लागली इले?"

बेबीताईने रेणुकाकडे पाहिलं, रेणुकाने रुखमाबाईकडे. रुखमाबाई खाली बसली.

"मीनं भरलं," ती म्हणाली. "खांद शेकली तिची, पोळ्याले."

शकील हसायला लागला. रेणुका हसली नाही. "पाह्य बेबीताई. आता तं स्वतःच्या तोंडानं बोलली. लोखंडाले लोनी लावते हे. इच्या हाती पुन्हा चकरी देशीन तं मी टोळीत राह्यत नाई."

"तू गप्प राह्य," बेबीताई म्हणाली. पण रुखमाबाईकडे वळली तेव्हा आवाज तिचाही कोरडा होता. "मामी, हे वावर गेलं तं साऱ्याइचं साल गेलं. तुले समजते का?"

"समजते."

"मंग काऊन केलं?"

रुखमाबाईने पदराचं टोक पिळलं. "कोनाची तं शेकाव लागे," म्हणाली.

शकीलने हसू आवरलं. मला वाटलं, आता या सगळ्या मिळून रडतील आणि माझी बेरिंगं तशीच राहतील. माणसांचं काही सांगता येत नाही.

पण बेबीताई मुकादम होती. ती म्हणाली, "राबिया, तू करू नको. मामीच्या हातानं होऊ दे. जमलं तं चकरी तिची. नाई जमलं तं रेणुकाची. आता याच्यावर कोनी बोलाचं नाई."

रेणुका भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली. राबियाने एका वाटीत घासलेट ओतलं आणि कोंबडीचं एक पीस दिलं. रुखमाबाईने माझी बेरिंगं काढली. त्या वाकड्या बोटांत ती दिसेनाशी झाली. घासलेटात पिवळा चिखल सुटू लागला. एकदा घासलेट काळं झालं, बदललं. पुन्हा पिवळं झालं, पुन्हा बदललं. ती पिसाने एकेक छर्रा घासत होती आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होती. त्यात पाखऱ्या होता, चांद्या होता, माझं नाव नव्हतं. राबिया मधूनच सांगे, "आनखी. अजून अडते, आवाज ऐक." शेवटी कोरड्या फडक्यावर बेरिंगं ठेवली तेव्हा ती साहेबांच्या वेळेसारखी चमकत होती.

मग राबियाने मशीनच्या तेलाची बारीक बाटली आणि सुई पुढे केली. "एकच थेंब दे. जास्त दिलं की धूळ धरते, मंग पुन्हा तेच."

रुखमाबाईने थेंबाकडे पाहिलं. मशीनचं तेल पाण्यासारखं पातळ, सुईच्या टोकावर जेमतेम दिसत होतं. "एवढ्यानं काय होते माय? तोंडबी ओलं होत नाई."

"तिले तेवढंच लागते."

"एवढी राबते न एवढंच?"

"तेवढंच, मामी."

पहिला थेंब तिने दिला. दुसऱ्या बेरिंगाला दुसरा. आणि मग, मी पाहत होते, तिने सुई पुन्हा बाटलीत बुडवली. सगळा जन्म तिने वाढताना "आनखी घे" म्हटलं होतं. बैलांना, लेकरांना, दारी आलेल्याला. सुई माझ्यावर आली. थेंब टोकाला लोंबत होता, थरथरत होता. रेणुका भिंतीपासून पुढे झाली. बेबीताईने तोंड फिरवलं.

रुखमाबाईने सुई आपल्या केसांत पुसली.

राबियाने मला जोडलं आणि टिचकी मारली. मी फिरले. फिरतच राहिले. शकीलने दुकानातून मान वर करून पाहिलं. कुणी 'वा' म्हटलं नाही. या लोकांना तेवढी रीत नाही.

दुपार कलताना वावरात धागा पुन्हा ताणला. वाकडे तास रेणुकाने स्वतः उकरून दाणे काढले आणि नव्याने डोबले, ते करताना रुखमाबाईला चार शब्द सुनावलेच. रुखमाबाई गायली नाही त्या दिवशी. मूठ धरून होती आणि लाल दोऱ्यावरची नजर तिने हलवली नाही. दिवस बुडायच्या जरा आधी गुलाबराव आले, एक डोळा मिटून उभं पाहिलं, आडवं पाहिलं. "बरं," म्हणाले. मग जाता जाता, "परवा नाल्यापल्याडचं घ्या." डोणगावाकडच्या टोळीचं नाव त्यांनी काढलं नाही. बेबीताई धुऱ्यावर मटकन बसली आणि पाण्याचा तांब्या आधी रुखमाबाईकडे सरकवला.

तेव्हापासून मी रुखमाबाईकडेच आहे. पुढे किती हंगाम झाले, ते मी मोजलेले नाहीत. काम असलं की दर संध्याकाळी ती मला खोलते, पिसाने पुसते, सुईने तेल देते. एक इकडे, एक तिकडे. आणि दर संध्याकाळी सुई पुन्हा बाटलीकडे जाते. मी दम धरून बसते, म्हणते, आज ही म्हातारी ओतणार. सुई थोडी थांबते. मग ती बूच लावते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं यंत्र असेल, सायकल असेल, आजोबांचं घड्याळ असेल. ते कुरकुरलं तर बाटली घेऊन धावू नका. आधी उघडा, आतली घाण काढा, कोरडं करा. मग त्याला लागतं तेवढंच द्या आणि हात मागे घ्या. ऐकायला सोपं आहे. मी साहेब पाहिले, चौकीदार पाहिले, ग्रीसचे डबे घेऊन फिरणारे कारागीर पाहिले. हात मागे घेणं फार थोड्यांना जमतं, आणि तुम्हाला जमेल असं तुमच्या चेहऱ्यांवरून मला वाटत नाही.

रुखमाबाईला जमतं. पण हे तिला सांगू नका. आनंदाने ती अख्खी बाटली माझ्यावर उपडी करील.